गुरुवारच्या शेवंडी

भोपाळमध्ये राहून समुद्रात बुड्या मारणारा माणूस, अशी कारखान्यात माझी ओळख आहे. ओळख कसली, चेष्टाच. नोव्हेंबर लागला की कॅन्टीनमध्ये कोणीतरी विचारतंच, "क्यों दादा, इस साल कितने पकड़ोगे?" मी उत्तर देईपर्यंत दुसऱ्याने गाल फुगवून, नाक धरून श्वास रोखल्याचं नाटक सुरू केलेलं असतं. पूर्वी मीही हसायचो. आता हसायचाही कंटाळा येतो.

शेवंड म्हणजे काय हे इथे दरवेळी नव्याने सांगावं लागतं. 'बड़ा झींगा' म्हटलं की लोकांचं समाधान होतं, माझं होत नाही. शेवंडीला खेकड्यासारख्या नांग्या नसतात. अंगभर काटे, आणि डोक्यावर अंगापेक्षाही लांब दोन मिशा, त्याही काटेरी. दिवसा ती खडकाच्या कपारीत बसून राहते आणि मिशा तेवढ्या बाहेर काढून ठेवते. धरायला गेलं की मिशीच्या बुडातून कर्र कर्र असा आवाज काढते. तो पाण्याखालीसुद्धा ऐकू येतो. नवखा माणूस मिशीला हात घालतो, मिशी तुटून हातात राहते आणि शेवंड आणखी आत जाते. म्हणून मिशी धरायची नाही. काठीने तिला मागून हळूच डिवचायचं, ती पुढे आली की पाठीवरून घट्ट दाबून धरायचं. हातमोजे जाड हवेत.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. बाबा वेंगुर्ल्याच्या बाजूचे. तरुणपणी इथल्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत रायसेन रोड सोडून कुठे गेले नाहीत. घर आनंद नगरला. मी जन्मलो इथे, शिकलो इथे, नोकरी धरली तीही त्याच कारखान्यात. समुद्र माझ्या वाट्याला आला तो मे महिन्याच्या सुट्टीपुरता. तेवढ्या सुट्टीत त्यांनी मला बुडी शिकवली. कान दुखायला लागले की नाक दाबून ते कसे मोकळे करायचे, कपारीत कुठल्या बाजूने हात घालायचा, कुठल्या बाजूने घालायचा नाही. पोटाखाली अंडी चिकटलेली मादी जिथल्या तिथे सोडून द्यायची. लहान असेल तीही सोडायची. धरलेली शेवंड बादलीत घालायची नाही, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची. चूक झाली तर बाबा पाठीत धपाटा घालायचे. ओल्या पाठीवर तो फार झोंबतो.

त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून ते गावी जाईनासे झाले, आणि मी दर डिसेंबरात एकटा जाऊन त्यांच्यासाठी शेवंडी आणायला लागलो. थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या गोणपाटात, बर्फाच्या बाटल्या बाजूला लावून, जिवंत. गोणपाट वाटेत सुकलं तर शिंपडायला समुद्राचं पाणी भरलेली कोल्ड्रिंकची बाटली बरोबर. कालवण बायको करायची. म्हणजे मी साफ करून द्यायचो आणि ती करायची. तिचं घराणं नागपूरकडचं, माहेर इथेच भोपाळमध्ये, अशोका गार्डनला. लग्नाआधी तिने कधी समुद्र पाहिला नव्हता, पण हाताला चव आहे. बाबा ताट पुढे ओढत, एक घास खात आणि सांगत, "नारळ जून आहे." पुढच्या वर्षी कोकमाची सोलं जुनी असत. त्याच्या पुढच्या वर्षी शेवंड गाडीत दमलेली असे. मीही त्याच गाडीतून आलेला असायचो, पण माझ्या दमण्याची कोणाच्या जिभेला चव लागत नव्हती.

तरी जायचो. बाबा वर्षभर त्या एका ताटाची वाट बघतात आणि ते मिळतंय तोवर भोपाळमध्ये टिकून राहतात, असं मी धरून चाललो होतो.

आई गेल्यावर हे गणित बिघडलं. आनंद नगरच्या घराला कुलूप लावून आम्ही बाबांना कोलार रोडला आमच्या फ्लॅटवर आणलं. चौथा मजला, लिफ्ट, खाली बाग, बागेत त्यांच्याच वयाचे चार म्हातारे. काही कमी नव्हतं. बाबांनी थोडे महिने काढले आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "मी गावी जातो."

मला वाटलं चार दिवस म्हणतायत.

"राहायला," ते म्हणाले. "घर आहे. विहीर आहे. मला काय लागतं?"

ते बोलून थांबणारे नव्हतेच. आनंद नगरच्या ओळखीच्या दुकानातून त्यांनी एक मोठं पितळी कुलूप आणलं, मच्छरदाणी आणली, बॅटरी आणली. माझ्या मुलीकडून मोबाइलवर संक्रांतीनंतरचं तिकीट काढून घेतलं. एकट्याचं, फक्त जाण्याचं. मुलीने मला ते चार दिवसांनी सांगितलं. "आजोबा बोले थे, पापा को मैं बताऊँगा," ती म्हणाली. मी तिच्यावरच ओरडलो. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडता येत नाही, म्हणून घरात मुलं असतात.

मग रोजची हुज्जत सुरू झाली. पडलात तर? डॉक्टर कुठे आहे तिथे? रात्री उठायचं झालं, विहिरीवर जायचं झालं? बाबांचं सगळ्याला एकच उत्तर. "तिथलं मला काही शिकवू नकोस. तू त्या पाण्यात पाहुणा म्हणून जातोस, मी त्यातून आलोय." हे खरंच होतं, त्यामुळे त्यावर बोलता यायचं नाही. आणि मी थकलो होतो. दिवसभर कारखान्यात मशीनशी डोकं लावा, घरी येऊन बापाशी लावा. बायको म्हणायची, "अहो, जाऊ द्या त्यांना. त्यांची इच्छा आहे." मला ते जमणार नव्हतं. आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. आता बाबांना दीड दिवसाच्या प्रवासापलीकडे एकटं ठेवून त्यांच्या फोनची वाट बघत बसायची माझ्यात ताकद नव्हती. त्यात त्यांच्यावरचं प्रेम किती आणि माझी भीती किती, ते मला सांगता येणार नाही.

तर त्या डिसेंबरात मी मनाशी ठरवून गेलो. शेवंडी आणायच्या, बाबांना पोटभर जेवू घालायचं, आणि ते खुशीत असताना शेवटचं एकदा विनवायचं.

गावी चुलतभावाची होडी आहे. मी तिकडे पोचलो की बाबा त्याला फोन करतात आणि माझी चौकशी न करता विचारतात, "पाणी कसां आसा?" बाबांची मालवणी आता एवढ्याच कामाला उरलीय. पाणी चांगलं नितळ होतं. मी नव्हतो. पन्नाशी उलटल्यावर डिसेंबरच्या सकाळी कमरेला वजनाचा पट्टा बांधताना माणसाला स्वतःची कीव येते. पहिल्या बुडीतच डावा कान अडला. वर आलो, नाक दाबून दाबून मोकळा केला, पुन्हा गेलो. पूर्वी एका श्वासात तीन कपारी बघून यायचो, आता एकीपाशी पोचेपर्यंत छाती वर चल म्हणायला लागते. गच्चीवर महिनाभर श्वास रोखायचा सराव केला होता, शेजाऱ्यांना वाटलं मी प्राणायाम करतोय. त्याचा फार उपयोग झाला नाही.

पहिली हाताला लागली ती अंडी धरलेली निघाली. सोडली. दुसरीची मिशी तुटली. चूक माझीच, घाई केली. मग बराच वेळ नुसता होडीची कड धरून तरंगत राहिलो. चुलतभाऊ वरून म्हणाला, "दादा, बाजारातून घेऊया की. काकांना काय कळणार आहे?"

"कळतं," मी म्हणालो आणि परत खाली गेलो.

ओहोटी संपेपर्यंत तीन मिळाल्या. चांगल्या भरलेल्या. तिसरीला धरलं तेव्हा कपारीत माझा खांदा खरवडला, पण ती हातात कर्र कर्र करत राहिली आणि मी तिला छातीशी धरून वर आलो. त्या क्षणापुरता थकवा गेला होता, हे कबूल करायला हवं. मग होडीत बसलो आणि तो परत आला.

दुपारी बाबांचं घर बघितलं. चुलतभावाने कौलं शाकारून घेतली होती, विहिरीला नवा रहाट बसवला होता. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. मी त्या पायऱ्या एकदा चढलो, एकदा उतरलो, दोन्ही वेळा भिंतीला धरून. बाबांना सांगण्यासारखं एक कारण आणखी मिळालं.

गाडी बुधवारी संध्याकाळी भोपाळला पोचायची होती. म्हणजे रात्री कालवण, असा हिशेब. गाडी वाटेत जागोजाग उभी राहिली. खोकं मी बर्थखाली ठेवलं होतं आणि दर तासाला गोणपाट शिंपडत होतो. समोरच्या काकांनी बराच वेळ ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि शेवटी सांगितलं, "भाईसाहब, आपके डिब्बे से आवाज़ आ रही है."

"झींगे हैं."

"ज़िंदा?"

"अभी तक तो हैं."

त्यांनी पाय वर घेतले ते उतरेपर्यंत खाली ठेवले नाहीत.

भोपाळ आलं तेव्हा गुरुवार उजाडला होता. मार्गशीर्षातला गुरुवार. आमच्या घरी त्या दिवशी लक्ष्मीचा घट बसतो. आई करायची, आई गेल्यावर बायको करते. शुक्रवारी सकाळी घट हलेपर्यंत घरात मासमच्छी शिजत नाही, कापलीही जात नाही. आई असताना बाबा ह्या सगळ्याला नाकं मुरडायचे. आई गेल्यावर तेच घटाची पानं मोजून घ्यायला लागले होते. त्यामुळे त्यात सूट मिळणं शक्यच नव्हतं. शेवंडींना अजून एक दिवस काढायला हवा होता.

मी खोकं बाल्कनीत सावलीला ठेवलं, गोणपाट बदललं, बाटलीतलं उरलेलं पाणी शिंपडलं. तिघी जिवंत होत्या. उचललं की शेपूट झटक्यात पोटाखाली ओढून घेत होत्या, म्हणजे दम शाबूत होता. मग घरात एकेकीला गाठून बजावलं. बायकोला सांगितलं, कितीही आवाज करू देत, पाणी घालायचं नाही, गोड्या पाण्यात त्या मरतात. तिने हळदीकुंकवाच्या तयारीतून मान हलवली. मुलीला सांगितलं. "ओके पापा, नो पानी," ती म्हणाली आणि कॉलेजला गेली. झाडूपोछावाल्या बाईंना हिंदीत सांगितलं. बाबा पेपर वाचत बसले होते. त्यांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याने मला हे धपाटे घालून शिकवलं, त्याला मी काय सांगणार?

रजा संपली होती. आंघोळ केली, तसाच ड्यूटीवर गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर घर शांत होतं. बायको माहेरी हळदीकुंकवाला गेली होती ती नुकतीच परतत होती, मुलगी माझ्या मागोमाग लिफ्टमधून बाहेर पडली. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते, कानटोपी घालून. त्यांच्या पायाशी बाथरूममधली निळी बादली होती. थर्माकोलचं खोकं रिकामं होतं आणि गोणपाट पिळून कठड्यावर वाळत घातलेलं होतं.

"आलास?" बाबा म्हणाले. ते फार खुशीत होते. "दुपारभर नुसत्या कर्र कर्र करत होत्या. घसा सुकला असणार बिचाऱ्यांचा. एवढा प्रवास, वर ते कोरडं खोकं. तुम्ही सगळे आपापल्या वाटेला. मीच पाणी घातलं शेवटी. आता बघ कशा शांत झाल्यात."

मी बादलीत बघितलं. नळाचं पाणी काठोकाठ होतं. तिन्ही तळाशी होत्या आणि एकीचीही मिशी हलत नव्हती.

मुलगी माझ्या मागेच होती. "आजोबा! पानी क्यों डाला? पापांनी सकाळी सांगितलं होतं ना, पाणी नाही टाकायचं, मरतात म्हणून!"

"मला कुठे कोणी सांगितलं?" बाबा म्हणाले.

आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीकडे बघत राहिलो. ते खुर्चीवरून वाकले, हात पाण्यात घातला आणि एक शेवंड पाठीकडून धरून वर काढली. शेपटी खाली लोंबत राहिली. त्यांनी अंगठ्याने शेपटीवर दाबलं. पुन्हा दाबलं. तिने ती आत ओढून घेतली नाही. पाणी त्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं तरी ते तिला तशीच धरून होते.

"गोडं पाणी," ते म्हणाले.

आत घटापुढे दिवा लागलेला होता, उदबत्तीचा वास बाल्कनीपर्यंत येत होता. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हीसाठी समोर फक्त एक कानटोपी घातलेला म्हातारा होता.

"कधी घातलंत पाणी?" मी विचारलं.

"मघाशी. चार वाजले असतील." त्यांनी शेवंड नाकाशी नेली. "वास नाही अजून. पण उद्यापर्यंत टिकणार नाही. मेलेली शेवंड लगेच उतरते." हे त्यांना ठाऊक होतं. सगळंच ठाऊक होतं. "इथे तर आज करता येणार नाही. आनंद नगरला चल. तिकडे घट नाही."

मी बायकोकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी म्हणेल, निदान गुरुवारचं तरी. तिने फ्रीजमधून शुक्रवारसाठी वाटून ठेवलेल्या वाटणाचा डबा काढला, तांदूळ बांधले, सोलं, मीठ, तेल पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "सावकाश जा," म्हणाली. "गर्दी असेल."

गर्दी होतीच. कोलार रोडपासून आनंद नगरपर्यंत सगळं भोपाळ ओलांडावं लागतं. मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी मांडीवर खोकं घेऊन बसले होते. पूर्ण रस्ताभर ते एवढंच म्हणाले, "सिग्नल लाल आहे."

आनंद नगरच्या घराचं कुलूप गंजलं होतं, बराच वेळ झगडून उघडलं. स्वयंपाकघरात आईची शेगडी जागेवर होती, सिलिंडरही. बाबांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि मी साफ करायला घेतल्यावर मला बाजूला सारलं. "तू भात लाव."

त्यांनी डोकं एका हातात, शेपटी एका हातात धरली आणि पिळून वेगळी केली. मिशीचा एक तुकडा मोडला, त्याचं काटेरी टोक शेपटीच्या बुडातल्या भोकात सरकवलं, गोल फिरवलं आणि ओढलं. आतला काळा दोरा अखंड बाहेर आला. मला आजही तो दोनदा तुटल्याशिवाय निघत नाही. मग कात्रीने पोटाकडचं कवच दोन्ही कडांनी कापत नेलं. त्यांचे हात ओट्यावर अजिबात कापत नव्हते. डोकी त्यांनी वेगळ्या पातेल्यात उकळायला टाकली, त्याचं पाणी कालवणात घालायला.

"बघा," मी म्हणालो, "काही विसरला नाहीत तुम्ही."

"हातांचं काय, ते करतात." त्यांनी वर बघितलं नाही. "मी दुपारी त्यांच्याशेजारी तासभर बसलो होतो. बादली स्वतः नळाखाली धरून भरली. एकदाही मनात आलं नाही."

"चूक कोणाचीही होते, बाबा."

"तुझी झाली असती?"

मी तांदूळ धुवत राहिलो.

वाटण तेलावर पडलं, घरभर ओळखीचा वास सुटला. त्यांनी डोक्यांचं पाणी गाळून घातलं, मीठ घातलं, उकळी आल्यावर शेवंडीचे तुकडे सोडले आणि शेवटी सोलं. आई गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात काही शिजलं नव्हतं. आम्ही जमिनीवर बसलो, वाढून घेतलं. मी पहिला घास घेतला आणि कळलं. शेवंडीचं मांस कसं हवं, दाताखाली किंचित ताणून तुटणारं, गोडसर. हे पिठासारखं झालं होतं. वर पाणचट. कान फुटायची वेळ आणून, खांदा सोलून, दीड दिवस मांडीखाली सांभाळून आणलेलं ते हे.

मी बाबांकडे बघत होतो. आता ते म्हणतील. नारळ जून आहे. सोलं कडू आहेत. काहीही म्हणा, मी मनात म्हणत होतो. एक खोड काढा.

बाबांनी सावकाश घास गिळला. "छान झालीय," ते म्हणाले, आणि पुन्हा भात मागितला.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे कधी आलं नव्हतं. मी त्यांना भात वाढला.

जेवण झाल्यावर त्यांनी ताट बाजूला केलं आणि भिंतीला पाठ टेकली. "पोरीला सांग, तिकीट रद्द कर म्हणावं."

इतके दिवस मी ह्याच वाक्यासाठी भांडत होतो. खुशीत असताना विनवायचं म्हणून सगळी जुळवाजुळव केली होती. आणि मी काय बोललो? "असं काय करता? घर शाकारून झालंय. नवा रहाट बसवलाय. तुमची इच्छा आहे तर जा की. मी येत जाईन मधून मधून." बायकोचं म्हणणं, बाबांचं म्हणणं, सगळं मीच त्यांना सांगत होतो, आणि थांबता येत नव्हतं. "पायऱ्यांवरचं शेवाळ काढून घेऊ. काय मोठंसं त्यात?"

"नको," बाबा म्हणाले. "तिथलं मला सगळं येतं, ह्या भरवशावर जात होतो."

भांडी आम्ही दोघांनी मिळून घासली. ती चांगली निघेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

बाहेर पडताना गंजलेलं कुलूप काही केल्या लागेना. "राहू दे," ते म्हणाले. "उद्या ते नवं घेऊन ये, गावासाठी आणलेलं. ते लाव इथे."

या गोष्टीला वर्ष झालं. बाबा आमच्याकडेच आहेत. बागेतल्या चार म्हाताऱ्यांत ते पाचवे झालेत, लिफ्टमध्ये कोणाशीही हिंदीत हवापाण्याच्या गप्पा मारतात. मच्छरदाणी मुलगी वापरते. चुलतभावाने गावचं घर एका शिक्षकाला राहायला दिलंय. सगळं मला हवं तसं झालं आहे.

ह्या डिसेंबरातही मी गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. कान पुन्हा अडला, दोनच मिळाल्या. बाबांनी चुलतभावाला फोन करून पाणी कसं आहे ते विचारलं. ह्या वेळी माझीही चौकशी केली, दमलाय का म्हणून.

गाडी वेळेवर आली. वारही साधाच होता, पण मला घरी जाऊन लगेच ड्यूटी गाठायची होती, कालवण रात्री व्हायचं होतं. खोकं बाल्कनीत सावलीला ठेवलं. गोणपाट बदललं. बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं, झाडूपोछावाल्या बाईंना सांगितलं. मग बूट घातले, दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

बाबा पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या खुर्चीपुढे उभा राहिलो.

"बाबा, शेवंडींना पाणी घालायचं नाही हं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी धपाट्याची वाट बघत होतो.

"बरं," बाबा म्हणाले.